मत्स्यबीजाचे स्थलांतर : केंद्रापासून तळ्यापर्यंत

मृगाचा पाऊस होऊन नाले वाहू लागले आणि गावतळी, शेततळी भरू लागली, म्हणजे मत्स्यबीज केंद्रांवर शेतकऱ्यांची आणि मच्छीमार सहकारी संस्थांच्या सभासदांची ये-जा सुरू होते. आषाढापासून भाद्रपदापर्यंत कटला, रोहू व मृगळ या जातींचे बीज मिळते आणि ज्याच्याजवळ पाणी आहे तो ते आपल्या पाण्यात सोडतो. या धंद्यास नांगरट नाही, खुरपणी नाही; पाणी आहे, बीज सोडले, आता मासे वाढतील, अशी साहजिकच समजूत होते.

परंतु कित्येकदा असे घडते, की दहा हजार बीज विकत आणून सोडले जाते, वर्षभर भाताचा कोंडा व भुईमुगाची पेंड घातली जाते, आणि पुढील उन्हाळ्यात जाळे ओढले असता चार टोपल्यासुद्धा मासळी हाती लागत नाही. मग दोष पाण्याला दिला जातो, बीज देणाऱ्या केंद्राला दिला जातो, किंवा रात्री कोणी चोरून मासे धरले असा संशय घेतला जातो. यांपैकी काही कारणे एखादे वेळी खरीही असतात. तथापि पुष्कळ वेळा ते बीज तळ्यात सोडल्यानंतरच्या पहिल्या दोन-तीन दिवसांतच मेलेले असते. नखाएवढे बीज मेल्यावर तळाशी बसते, कुजते किंवा दुसरे जीव ते खाऊन टाकतात. काठावर उभ्या असलेल्या माणसाला काहीच दिसत नाही. शेतकरी मात्र नसलेल्या माशांना दहा महिने खाद्य घालीत राहतो. नुकसान एका दिवसाचे असते, पण ते कळून येते वर्षाने.

भाताचे रोप वाफ्यातून उपटून खाचरात लावताना मुळांना इजा होऊ नये, रोप उन्हात सुकू नये, म्हणून शेतकरी किती जपतो हे सर्वांना माहीत आहे. मत्स्यबीजाचे स्थलांतर हीसुद्धा एक लावणीच आहे. फरक इतकाच, की भाताचे रोप मेले तर खाचरात मोकळी जागा दिसते. तळ्यात ती दिसत नाही. म्हणून ही लावणी कशी करावी, याचा येथे विचार केला आहे.

हंडीपासून पिशवीपर्यंत

पूर्वी आपल्या देशात या जातींचे बीज मुख्यतः नद्यांतून गोळा केले जाई. बंगालमध्ये नद्यांना पूर आला म्हणजे वाहत्या पाण्यात कापडी जाळी लावून त्यांत जिरे धरीत. हे जिरे मातीच्या हंड्यांत भरून रेल्वेने दूरदूरच्या प्रांतांत जात. हंड्यांबरोबर माणूस असे. तो वाटभर हंडी हाताने हलवीत राही, त्यामुळे पाण्यात हवा मिसळे. अधूनमधून तो पाणीही बदली. हंडीत थोडी बारीक लाल माती टाकण्याची चाल होती. पाण्यात तरंगणारी घाण त्या मातीबरोबर खाली बसे. बीजाला हवा हवी आणि त्याचे पाणी घाण होता कामा नये, या दोन्ही गोष्टी त्या अनुभवी लोकांना चांगल्या ठाऊक होत्या.

नदीचे बीज मिश्र असे. त्यात खाऊ माशांचे बीजही येई आणि पूर आला नाही तर बीजच मिळत नसे. १० जुलै १९५७ रोजी ओडिशातील अंगुल येथे डॉ. हिरालाल चौधरी व त्यांच्या सहकाऱ्यांनी माशाच्या मेंदूजवळील पियुषिका ग्रंथीचा अर्क टोचून या जातींची वीण तळ्याच्या पाण्यात घडवून आणली. तो दिवस राष्ट्रीय मत्स्यशेतकरी दिन म्हणून पाळला जातो. या शोधामुळे पाहिजे त्या जातीचे शुद्ध बीज केंद्रांवर तयार होऊ लागले. पुढे हंडीची जागा पॉलिथिनच्या पिशवीने घेतली आणि वाट पाहणाऱ्या तळ्यापर्यंत बीज एका दिवसात पोहोचू लागले. साधने सुधारली, पण बीजाचा जीव पूर्वीइतकाच नाजूक आहे.

बीजाच्या वयाप्रमाणे त्याची नावे निरनिराळी आहेत. अंड्यातून निघाल्यावर तीन-चार दिवसांच्या, ६ ते ८ मिलिमीटर लांबीच्या पिलांस मत्स्यजिरे म्हणतात. २० ते २५ मिलिमीटरचे झाले म्हणजे मत्स्यबीज, आणि ५० मिलिमीटर किंवा त्याहून मोठे झाले म्हणजे बोटुकली. जिरे वाढविण्यासाठी खास संगोपन तळी लागतात. ज्यास थेट गावतळ्यात किंवा शेततळ्यात मासे वाढवावयाचे आहेत, त्याने शक्यतो बोटुकलीच घ्यावी. ती महाग पडते व एका पिशवीत थोडी बसते, परंतु प्रवास व तळ्यातील शत्रू या दोहोंपुढे ती अधिक टिकते.

प्रवासात बीज का मरते?

मासा पाण्यात राहतो, तरी त्याला श्वासासाठी प्राणवायू लागतोच. पाण्यात विरघळलेला प्राणवायू तो कल्ल्यांच्या द्वारे घेतो. परंतु पाण्यात हा वायू फार थोडा मावतो. २० अंश सेल्सिअस तपमानाच्या एक लिटर गोड्या पाण्यात सुमारे ९ मिलिग्रॅम, तर ३० अंशांच्या पाण्यात सुमारे साडेसात मिलिग्रॅम प्राणवायू राहू शकतो. म्हणजे पाणी तापले की प्राणवायू कमी होतो. त्याच वेळी माशाची गरज मात्र वाढते. तपमान १० अंशांनी चढले तर माशाची श्वासाची गरज जवळजवळ दुप्पट होते. उन्हात ठेवलेल्या घागरीतील बीज थोड्याच वेळात पाण्यावर येऊन तोंड उघडू लागते, त्याचे कारण हेच आहे.

यावर उपाय म्हणून पिशवीत शुद्ध प्राणवायू भरतात. १८ लिटर मापाच्या पिशवीत ६ लिटर पाणी व वर १२ लिटर प्राणवायू भरला, असे समजू. त्या पाण्यात मुळात जेमतेम ४५ मिलिग्रॅम प्राणवायू विरघळलेला असतो. परंतु वरच्या वायूचे वजन सुमारे १५ ग्रॅम, म्हणजे तीनशे पटींहून अधिक भरते. जसजसा मासा पाण्यातील वायू वापरतो, तसतसा वरचा वायू पाण्यात उतरत जातो. तेव्हा नीट भरलेल्या पिशवीत प्राणवायू सहसा संपत नाही. असे असूनही बीज मरते, याचे कारण दुसरे आहे. पिशवीत जे निर्माण होते, त्यास बाहेर जाण्यास वाट नसते.

बंद पिशवीत दोन विषारी पदार्थ साठत जातात. पहिला, माशाच्या उच्छ्वासातून येणारा कर्बवायू, म्हणजे कार्बन डायऑक्साइड. तो फार वाढला तर पाण्यात प्राणवायू असूनही माशास तो घेता येत नाही. मासा गुंगून आडवा पडतो. दुसरा पदार्थ अमोनिया. तो माशाच्या कल्ल्यांतून व विष्ठेतून पाण्यात येतो. पोटभर खाल्लेले बीज पिशवीत भरले तर विष्ठेने पाणी लवकर नासते. त्यात एखादे बीज मेले तर ते कुजू लागते, अमोनिया आणखी वाढतो आणि त्यापायी दुसरी मरतात.

तिसरे कारण म्हणजे अंगाला झालेली इजा. माशाच्या अंगावर एक बुळबुळीत थर असतो. हा थर त्याचे चिलखत आहे. कोरड्या हाताने धरणे, जाड्याभरड्या जाळ्यात दाबून धरणे, उंचावरून ओतणे यांमुळे तो थर निघतो, खवले गळतात, आणि दोन-चार दिवसांनी त्या जागी बुरशी धरते. असे बीज तळ्यात सोडताना जिवंत दिसते, पण जगत नाही. चौथे कारण म्हणजे पाण्यातील एकाएकी बदल. त्याचा विचार पुढे केला आहे.

निघण्यापूर्वी

बीज आणण्यास निघण्यापूर्वी तळे तयार असले पाहिजे. मरळ, शिंगाळा यांसारखे खाऊ मासे तळ्यात राहिले असतील तर उत्तमातील उत्तम बीजही त्यांचे भक्ष्य होते. तळे आटत नसेल तर बीज सोडण्यापूर्वी निदान तीन आठवडे मोहाची पेंड घालून खाऊ मासे काढून टाकावेत. पेंडीचा विषारी अंश नाहीसा होण्यास तेवढा काळ लागतो. शेततळे विंधन विहिरीच्या पाण्याने नुकतेच भरले असेल तर त्यात लगेच बीज सोडू नये. जमिनीतून निघालेल्या पाण्यात प्राणवायू कमी व कर्बवायू जास्त असू शकतो. असे पाणी काही दिवस वाऱ्या-उन्हात राहू द्यावे.

केंद्राशी आधी बोलणे करून बीज किती, कोणत्या आकाराचे व कोणत्या दिवशी न्यावयाचे, हे ठरवून घ्यावे. कारण बीजाचीही तयारी करावी लागते. तळ्यातून जाळ्याने धरलेले बीज तसेच पिशवीत भरणे ही मोठी चूक होय. धरलेले बीज हाप्यात किंवा सिमेंटच्या टाकीत वाहत्या अगर हवा मिसळलेल्या पाण्यात ठेवून त्याचे खाद्य बंद करतात. हापा म्हणजे मच्छरदाणीसारख्या कापडाची, चार खुंट्यांना बांधलेली व वरून उघडी अशी चौकोनी पेटी. लहान बीजास सुमारे १२ तास आणि बोटुकलीस सुमारे २४ तास असे ठेवले म्हणजे पोट रिकामे होते, बीज दाटीने राहण्यास सरावते, आणि जे दुबळे किंवा जखमी असेल ते तेथेच मरून वेगळे काढता येते. केंद्रावर जाणाऱ्याने ‘बीज केव्हा धरले? उपाशी किती वेळ ठेवले?’ हे दोन प्रश्न संकोच न करता विचारावेत.

मोजणी डोळ्यांदेखत करून घ्यावी. बीज एकेक मोजणे शक्य नसते; म्हणून लहान गाळणी किंवा पेला माप म्हणून घेतात. तीन मापे भरून त्यांतील बीज मोजावे. समजा, ती ३१०, २९० व ३०० भरली, तर सरासरी ३०० धरावी. मग दहा हजार बीजासाठी ३३ मापे व वर थोडे, असा हिशोब होतो. मोजणीच्या वेळी बीज पाण्याबाहेर फार वेळ राहू नये याकडे लक्ष द्यावे. घाईने मोजून मेलेल्या दोनशे बीजांपेक्षा पाच-पन्नासांचा फरक परवडतो.

पिशवी भरणे

पिशवी एकात एक अशी दुहेरी घ्यावी. प्रथम फुंकून व दाबून ती कोठे फुटकी नाही ना, हे पाहावे. तळाचे दोन्ही कोपरे रबरी पट्टीने किंवा दोऱ्याने बांधून गोल करावेत, नाही तर बीज कोपऱ्यात अडकून चेंगरते. एक तृतीयांश स्वच्छ पाणी घालावे. हे पाणी ज्यात बीज राहत होते त्याच जातीचे, गाळ व शेवाळ नसलेले असावे. नळाच्या पाण्यात क्लोरीन असतो व तो कल्ल्यांना जाळतो. तेव्हा नळाचे पाणी वापरणे भागच असेल तर ते उघड्या भांड्यात एक दिवस ठेवून, ढवळून मगच वापरावे. लिटरमागे सुमारे दोन ग्रॅम साधे मीठ घातले तर प्रवासाचा ताण काहीसा कमी होतो.

बीज घातल्यावर पिशवीतील हवा दाबून पूर्ण बाहेर काढावी आणि मग प्राणवायूची नळी पाण्यापर्यंत नेऊन दोन तृतीयांश भाग फुगेपर्यंत वायू सोडावा. तोंड पिळून, दुमडून दोन रबरी पट्ट्यांनी घट्ट बांधावे. पिशवी बोटाने दाबली असता टणक लागली पाहिजे, पण इतकी ताणलेली नको की उन्हाने वायू प्रसरण पावून फुटेल. वायू भरताना जवळपास विडी-काडी पेटवू नये. प्राणवायूत लहानशी ठिणगीही भडकते.

एका पिशवीत किती बीज घालावे, हे बीजाचा आकार, तपमान व प्रवासाचे तास यांवर अवलंबून आहे. १८ लिटरच्या पिशवीतून सुमारे १२ तासांच्या प्रवासासाठी २० ते २५ मिलिमीटरचे बीज साधारण ५०० ते १,००० आणि ५० मिलिमीटरची बोटुकली साधारण २०० ते २५० नेता येते. वाट लांबची असेल, हवा उष्ण असेल, तर ही संख्या कमी करावी. चार पिशव्यांचे भाडे वाचविण्यासाठी दाटी केली असता जे वाचते त्याहून किती तरी अधिक पाण्यात जाते.

वाटेत

प्रवास रात्री किंवा पहाटे करावा. पिशव्या खोक्यांत किंवा डब्यांत उभ्या, एकमेकींस टेकून ठेवाव्यात. खाली ओले गोणपाट अंथरावे, वरही ओले गोणपाट घालावे. ओल्या गोणपाटावरून वारा गेला की पिशव्या थंड राहतात. या जातींच्या बीजास प्रवासात २२ ते २६ अंशांच्या आसपासचे पाणी मानवते. बर्फ वापरावयाचा झाल्यास तो गोणपाटात गुंडाळून पिशव्यांच्या बाहेर, दूर ठेवावा. पिशवीत कधीही टाकू नये. ट्रॉलीचा तापलेला पत्रा, इंजिनाच्या शेजारची जागा, खिळे व पत्र्याच्या कडा यांपासून पिशव्या जपाव्यात. धावत्या गाडीच्या हेलकाव्यांनी वायू पाण्यात चांगला मिसळतो. गाडी फार वेळ थांबली तर पिशव्या हलकेच डोलवाव्यात.

वाटेत पिशवी सोडून पाहण्याचा मोह आवरावा. बीज जिवंत आहे की नाही हे बाहेरून दिसते. एकदा तोंड उघडले की भरलेला प्राणवायू जातो, आणि आणखी एक हानी होते, ती पुढे सांगितली आहे. पिशवी फुटलीच तर सोबत नेलेल्या रिकाम्या पिशवीत ती तशीच घालून बांधावी व ते बीज सर्वांत आधी सोडावे.

जवळच्या जवळ, तास-दोन तासांच्या वाटेवर, बीज उघड्या ड्रममधूनही नेता येते. अशा वेळी ड्रम तीन-चतुर्थांशच भरावा, तोंडावर ओले जाळीदार कापड बांधावे आणि पाण्यात हवा सोडणारा लहान पंप चालू ठेवावा. पंप नसेल तर तांब्याने पाणी उचलून वरून धार धरावी. विदर्भातील माजी मालगुजारी तलावांवर पिढ्यान्‌पिढ्या मासेमारी करणाऱ्या ढिवर समाजातील जाणत्या माणसांस या कामाचा सराव असतो. तेथील कार्यकर्त्यांनी त्यांची मदत अवश्य घ्यावी.

तळ्याच्या काठावरचा अर्धा तास

केंद्रावरून बीज सुखरूप आले, गाडी बांधावर लागली, आणि आनंदाच्या भरात पिशव्या कापून बीज धबाधब तळ्यात ओतले, असे दृश्य पुष्कळ ठिकाणी दिसते. फोटो काढण्याची घाई असली म्हणजे तर विचारावयासच नको. वास्तविक साऱ्या प्रवासातील नाजूक वेळ ती हीच. रात्रभर सांभाळून आणलेले बीज येथे अर्ध्या तासात वाचते किंवा जाते.

माशाच्या शरीराला स्वतःची ऊब नसते. भोवतालच्या पाण्याचे जे तपमान, तेच त्याच्या अंगाचे. पिशवीतील पाणी गाडीत ३१ अंशांपर्यंत चढलेले असेल आणि पावसाने तळ्याचे पाणी २५ अंशांवर असेल, तर बीज एकदम सोडणे म्हणजे त्याच्या सर्व शरीराला सहा अंशांचा धक्का देणे होय. असे बीज क्षणभर सैरावैरा धावते, मग सुस्त होऊन तळाशी जाते. काही लगेच मरते. काही इतके दुबळे होते की बेडूक, पाणकिडे व पक्षी ते सहज टिपतात. म्हणून सोडण्याच्या वेळी दोन पाण्यांत दोन अंशांहून अधिक फरक असू नये. साधा काचेचा तपमापक अल्प किमतीत मिळतो. तो प्रत्येक संस्थेजवळ असावा.

पाण्याचा सामूही असाच एकाएकी बदलता कामा नये, आणि येथेच अमोनियाची गोष्ट येते. अमोनिया पाण्यात दोन रूपांत असतो : एक बराचसा निरुपद्रवी, दुसरे विषारी. सामू ७ असताना विषारी रूप शंभर भागांत एक भागही नसते. सामू ८ झाला की ते सात-आठ भागांपर्यंत जाते. बंद पिशवीत कर्बवायू साठल्याने सामू उतरलेला असतो, म्हणून अमोनिया बराच असूनही बीज तग धरून राहते. पिशवी उघडली की कर्बवायू निघून जाऊ लागतो, सामू चढतो, आणि तोच अमोनिया विषारी होतो. हिरव्या पाण्याच्या तळ्यात दुपारी सामू बराच चढलेला असतो. तेथे हा धोका अधिक. यास्तव पिशवी वाटेत उघडू नये, आणि काठावर उघडल्यावर ती तशीच उघडी ठेवून लोक जमण्याची वाट पाहू नये.

योग्य रीत पुढीलप्रमाणे आहे. सूर्योदयानंतर ऊन तापण्यापूर्वी, किंवा सायंकाळी, बीज सोडण्याची वेळ धरावी. अगदी पहाटे तळ्यातील प्राणवायू सर्वांत कमी असतो, म्हणून ती वेळ टाळावी. पिशव्या न उघडता १५ ते २० मिनिटे तळ्याच्या पाण्यावर तरंगत ठेवाव्यात. त्या सावलीत असाव्यात. ऊन लागले तर बंद पिशवी थंड होण्याऐवजी तापते. तपमापकाने नव्हे तर निदान हाताने तरी दोन्ही पाणी सारखे लागते का, हे पाहावे. मग एकेक पिशवी उघडून तळ्याचे थोडे थोडे पाणी तीन-चार वेळा तीत घालावे व पाणी दुप्पट होऊ द्यावे. यास दहा मिनिटे पुरतात. शेवटी पिशवीचे तोंड पाण्यात बुडवून ती आडवी करावी, म्हणजे सशक्त बीज आपण होऊन प्रवाहाविरुद्ध बाहेर पडते. जे तळाशी मेलेले राहील ते मोजून काढून घ्यावे. तळ्यात टाकू नये.

प्रवास फार लांबचा झाला असेल आणि पाणी गढूळ, फेसाळ व वासाचे झाले असेल तर मिसळण्यात वेळ घालवू नये. तपमान जुळताच बीज ओल्या मऊ जाळीत गाळून तळ्यात लावलेल्या हाप्यात सोडावे व पिशवीतील घाण पाणी बांधापलीकडे ओतून द्यावे.

प्लॅस्टिकचे अस्तर असलेल्या शेततळ्यावर बीज सोडताना आणखी एक दक्षता घ्यावयाची आहे, ती माणसाच्या जिवाची. ओले अस्तर अतिशय निसरडे असते आणि उतार खोल असतो. पोहता येणाऱ्यालाही वर येणे कठीण जाते. गाठी मारलेला दोर काठावरील खुंट्याला बांधून पाण्यात सोडलेला असावा, काम करणारे निदान दोघे असावेत, आणि लहान मुलांना तेथे आणू नये.

किती जगले, हे कसे कळावे?

तळ्यात सोडलेले बीज पुन्हा मोजता येत नाही. परंतु अंदाज घेण्याची एक सोपी युक्ती आहे. बीज सोडताना निरनिराळ्या पिशव्यांतून मिळून १०० बीज मोजून घ्यावे आणि तळ्यातच, सावलीत व पुरेशा खोल पाण्यात लावलेल्या लहान हाप्यात ठेवावे. दुसऱ्या व तिसऱ्या दिवशी त्यातील जिवंत बीज मोजावे. ९५ जिवंत असतील तर काम उत्तम झाले असे समजावे. ६० असतील तर तळ्यातीलही सुमारे तेवढ्याच प्रमाणात बीज जगले आहे, असे धरून चालावे. हंगाम संपण्यापूर्वी हे कळले तर उणे पडलेले बीज पुन्हा आणता येते, आणि नाहीच आणता आले तर खाद्य तरी जगलेल्या माशांच्या बेताने घालता येते. मोजणी झाल्यावर हाप्यातील बीज तळ्यात सोडून द्यावे.

गावपातळीवरील कार्यकर्त्यांनी प्रत्येक खेपेची नोंद ठेवावी : बीज कोठून आणले, केव्हा धरले, पिशव्या किती वाजता बांधल्या, किती वाजता सोडल्या, पिशवीचे व तळ्याचे तपमान, पिशवीत मेलेले बीज आणि हाप्यातील तिसऱ्या दिवसाची संख्या. पुढील वर्षी तंटा न होता चूक कोठे झाली हे या नोंदीवरून उमगते. पिशवीतच बीज मेले असेल तर दोष भरणीचा किंवा वाटेचा. पिशवीत जिवंत असून पहिल्याच दिवशी हाप्यात मेले तर सोडण्याच्या वेळच्या धक्क्याचा. आणि दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी अंगावर कापसासारखी बुरशी दिसून मेले तर धरताना झालेल्या इजेचा संशय घ्यावा.

घरातील काचपेटीचे मासे

गावातील शाळांतून व घरांतून आता शोभेच्या माशांच्या काचपेट्याही दिसू लागल्या आहेत. नोकरीत बदली झाली किंवा घर बदलले म्हणजे गप्पी, मॉली, एंजल यांसारखे उष्ण प्रदेशातील मासे कसे न्यावेत, हा प्रश्न पडतो. नियम वरचेच आहेत. निघण्याच्या आदल्या दिवशी खाद्य बंद करावे, मासे त्यांच्याच पाण्यात दुहेरी पिशव्यांत थोडे थोडे भरावेत, पिशव्या जाड कागदात गुंडाळून थर्मोकोलच्या पेटीत ठेवाव्यात आणि नव्या घरी तपमान जुळवून मगच सोडावेत.

काचपेटी मात्र पाण्यासह उचलू नये. ६० सेंटिमीटर लांब आणि ३० सेंटिमीटर रुंद व उंच अशा पेटीत ५४ लिटर, म्हणजे ५४ किलो पाणी मावते; हलविताना सांधे सुटतात. पेटी वाळूसह रिकामी करावी. गाळणीचा स्पंज नळाखाली धुऊन स्वच्छ करण्याची चूक पुष्कळजण करतात. त्या स्पंजात अमोनियाचे निरुपद्रवी पदार्थात रूपांतर करणारे उपयुक्त जिवाणू असतात. तो पेटीतल्याच थोड्या पाण्यात ओला ठेवून न्यावा, म्हणजे नव्या घरी पाणी लवकर नासणार नाही. आणि मासे नेणे जमत नसेल तर ते कोणास तरी द्यावेत, पण नदीत, विहिरीत किंवा गावतळ्यात सोडू नयेत. मूळचा दक्षिण अमेरिकेतील सकर मासा असाच पेट्यांतून बाहेर पडला आणि भीमा नदीवरील उजनी जलाशयात मच्छीमारांच्या जाळ्यांत सापडू लागला. त्याच्या काटेरी परांनी जाळी फाटतात आणि बाजारात त्याला गिऱ्हाईक नाही. एका घरची अडचण अशा रीतीने शेकडो घरांची होते.

मत्स्यशेतीत खाद्य, खत व पाणी यांवर वर्षभर खर्च होतो. त्या मानाने बीज आणण्याचा खर्च व श्रम थोडे असतात. परंतु पुढील सर्व खर्चाचे फळ याच एका दिवसावर अवलंबून असते. उपाशी ठेवलेले सशक्त बीज, विरळ भरलेली पिशवी, थंड वेळचा प्रवास आणि काठावरचा धीराने घालविलेला अर्धा तास, यांपैकी कोणत्याही गोष्टीस फारसा पैसा लागत नाही. ज्या गावाने यंदा हाप्यातील शंभर बीज मोजून पाहिले, त्या गावास पुढच्या उन्हाळ्यात जाळे ओढताना काय हाती येणार, हे आधीच ठाऊक असेल.